तीसच्या तीस रोजे

२०२४ च्या रमजानमध्ये आमच्या लेकीने तीसच्या तीस रोजे धरले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, चंद्र एकोणतीसला दिसला. तिने एकोणतीसच्या एकोणतीस धरले. घरात फार कौतुक झाले. मामूंनी ईदी वाढवून दिली. नानीने शेजारी जाऊन सांगितले, ‘आमच्या पोरीचा एक रोजा सुटला नाही.’ शेजारच्या भाभींनी आपल्या मुलींना तिचा दाखला दिला.

वाचक बहिणींच्या एव्हाना लक्षात आले असेल. आमच्या आले नाही. वयात येऊन तीन-चार वर्षे झालेल्या मुलीचा अख्ख्या महिन्यात एकही रोजा सुटत नाही, याचा अर्थ त्या महिन्यात तिला पाळी आली नाही. एखाद्या वर्षी तारखा मागे-पुढे होऊन असे घडू शकते. सलग दोन वर्षे घडले, तर घरातल्या मोठ्या बायकांनी जवळ बसवून विचारायला हवे. आम्ही शीरखुर्मा वाटला.

आम्ही म्हणजे मिरा रोडच्या नया नगरमधल्या एका घरातल्या तिघी. सत्तरी गाठलेली अम्मी, सोळा-सतरा वर्षांची लेक आणि हे लिहिणारी मधली, जी शाळेत शिकवते. लिहायचे ठरले तेव्हा तिघी एकत्र बसलो. लेकीची परवानगी घेतली. तिने एकच अट घातली, ‘फक्त माझे लिहू नका, तिघींचे लिहा.’ म्हणून हा लेख तिघींचा आहे.

विषय हनुवटीवरच्या केसांचा आहे. ओठावरच्या, कल्ल्यांवरच्या, गळ्याखालच्या केसांचा. आमच्या तिघींच्याही चेहऱ्यावर ते आहेत आणि तिघींनीही ते एकमेकींपासून लपवले. अम्मीच्या सुरम्याच्या डबीशेजारी एक चिमटा असायचा. दुपारी सगळे झोपले की ती खिडकीत बसून हनुवटी चाचपायची. मधली दर पंधरा दिवसांनी गल्लीतल्या पार्लरमध्ये जायची, जिथे दाराला पडदा आणि ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी असते, आणि घरी सांगायची की भुवया नीट करून आले. लेकीने बाथरूममधल्या गिझरच्या मागे रेझर ठेवला होता. चिमटा, धागा आणि रेझर. एका छताखाली तीन हत्यारे, आणि बोलणे शून्य.

दहावीच्या वर्षी लेकीने नकाब घालायला सुरुवात केली. आम्हाला आनंद झाला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपणहून घातला होता. आता ती सांगते की पहिले दोन महिने तो हनुवटीसाठी होता. क्लासमध्ये मागच्या बाकावरच्या एका मुलाने तिला ‘मौलाना’ म्हटले होते. ती घरी येऊन रडली नाही. तिने कपाटातून नकाब काढला आणि दुसऱ्या दिवशी घालून गेली. नकाब अल्लाहसाठी घालायचा असतो, हे तिलाही माहीत होते. पण ज्या मुलीला घरात बोलायची सोय नाही, ती जे हाताशी असेल त्याच्या आड उभी राहते.

म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आम्ही तिचे कौतुक केले, त्या दोन्ही तिच्या आजाराच्या खुणा होत्या.

एक गोष्ट कबूल करायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये, ईदनंतर दहा दिवसही झाले नव्हते, उत्तर प्रदेश बोर्डाचा दहावीचा निकाल लागला. सीतापूरची एक मुलगी ९८.५ टक्के गुण मिळवून पहिली आली. तिचा फोटो छापून आला आणि लोकांनी तिचे गुण सोडून तिच्या ओठावरचे केस पाहिले. देशभर टिंगल झाली, मग टिंगल करणाऱ्यांचा निषेधही झाला. शाळेतल्या शिक्षक-खोलीत आम्हीही तावातावाने बोललो. मुलींना असे वागवणाऱ्या समाजाला काय म्हणावे, वगैरे. संध्याकाळी घरी आलो. समोर आपलीच लेक नववीचा अभ्यास करत बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे आम्ही पाहिले नाही.

मे २०२५ मध्ये ते उघडे पडले. जोहरच्या नमाजसाठी वुजू करताना अम्मीला नातीच्या हनुवटीखाली पिकलेले फोड दिसले. घाईघाईत कोरड्या कातडीवर रेझर फिरवून तिने जखमा केल्या होत्या. अम्मीने हाक मारली. लेक गप्प. मधली गप्प. मग अम्मी म्हणाली, ‘होते ग. आपल्या घराण्यातच आहे.’ तेवढ्यावर विषय मिटला असता.

मिटला नाही, कारण बातमी बिल्डिंगमध्ये पसरली आणि सल्ले यायला लागले. कुणी बेसन-हळदीचे उटणे सांगितले. कुणी म्हणाले, ब्रॉयलर कोंबडी बंद करा, तिला इंजेक्शने देतात. कुणी म्हणाले, लहानपणी हिच्या तोंडाला पीठ चोळले नसेल. कुणी म्हणाले, रेझर लावला म्हणूनच केस दाट झाले. सगळ्यांत जास्त ऐकलेला सल्ला, ‘निकाह झाला की आपोआप जाईल.’ आणि एका भाभींनी एक ट्यूब आणून दिली, तिने केस विरळ होतात आणि रंगही उजळतो म्हणून. लेकीने ती पाच दिवस लावली. पाचव्या दिवशी चेहरा लाल झाला. तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. म्हणजे गेलो तेही केसांसाठी नाही, लाल चेहऱ्यासाठी.

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी ट्यूब हातात घेऊन वाचली. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. असे मलम चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठते आणि चेहऱ्यावर केस वाढतात. केस घालवायला लावलेले मलमच केस वाढवते. सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. तरी ती हातोहात फिरतात. आमच्याकडे पाच दिवसांत थांबले, कुणाकुणाकडे पाच वर्षे चालते.

मग त्यांनी हनुवटीकडे पाहिले आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवले.

त्या दिवशीचा प्रसंग आम्ही विसरणार नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘पाळी नियमित आहे?’ मधलीने ठसक्यात उत्तर दिले, ‘हो, अगदी नियमित.’ डॉक्टरांनी लेकीकडे पाहिले. लेक खाली बघत म्हणाली, ‘मम्मी, मला ऑक्टोबरपासून आलेली नाही.’ तेव्हा मे संपत आला होता. आम्ही म्हणालो, मग सांगितले का नाहीस? ती म्हणाली, ‘तुम्ही सगळे रोज्यांचे इतके कौतुक करत होता.’

शाळेत पाचशे मुलींची हजेरी घेणाऱ्या बाईला घरातल्या एका मुलीची तारीख माहीत नव्हती.

डॉक्टरांनी रागावून काही म्हटले नाही. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. केस केव्हापासून? हळूहळू आले की दोन-चार महिन्यांत एकदम? आवाज बदलला का? डोक्यावरचे केस गळतात का? मानेवर, काखेत कातडी काळी आणि जाड झाली आहे का? कुठली औषधे चालू आहेत? आईला, आजीला असे आहे का? साखरेचा आजार कुणाला? आईवडिलांचे लग्न नात्यातले आहे का? मग चेहरा, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागा पाहून प्रत्येक जागेला शून्य ते चार असे गुण लिहिले. १९६१ मध्ये फेरिमन आणि गॉलवे या दोन डॉक्टरांनी बसवलेल्या पद्धतीवरून ही मोजणी आली आहे. लेक हळूच म्हणाली, ‘इथे कमी मार्क मिळाले तर बरे.’ सहा महिन्यांत ती पहिल्यांदा काही गमतीचे बोलली होती.

डॉक्टरांनी आम्हाला जे समजावले ते इथे सांगतो, कारण हीच माहिती पाच वर्षे आधी मिळाली असती तर बरे झाले असते.

प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर केस असतातच, पण ते लव असतात, मऊ आणि फिक्या रंगाचे. या लवेचा राठ, काळा केस होतो तो अँड्रोजन नावाच्या संप्रेरकांमुळे. टेस्टोस्टेरॉन हे त्यातले मुख्य. त्याला पुरुषी संप्रेरक म्हणतात, पण ते प्रत्येक बाईच्या शरीरात थोडे असतेच. अंडाशयांत बनते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतही त्याची तयारी होते. ज्या मुलीला केस येतात तिच्यात पुरुषीपणा आला, असे मुळीच नाही. एकतर हे संप्रेरक थोडे जास्त झाले आहे, किंवा ते नेहमीइतकेच असून केसांची मुळे त्याला जास्त दाद देतात.

दुसरी गोष्ट मधलीची निघाली. तिची पाळी आयुष्यभर वेळेवर, रक्त तपासले तर सगळे प्रमाणात. तरी विसाव्या वर्षापासून ओठावर आणि हनुवटीवर केस. डॉक्टर म्हणाल्या, हा घराण्याचा वारसा. काहींच्या केसांच्या मुळांत टेस्टोस्टेरॉनचे त्याहून तीव्र रूपात रूपांतर जास्त होते. आजार काही नाही, उपचार हवा तर केसांचा करावा.

अम्मीची गोष्ट वेगळी. तिचे केस पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर आले. पाळी गेली की स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेन फार कमी होते, टेस्टोस्टेरॉन मात्र तितक्या झपाट्याने कमी होत नाही. तराजूचे एक पारडे वर गेले की दुसरे आपोआप जड होते. म्हणून पन्नाशी-साठीच्या पुष्कळ बायकांच्या हनुवटीवर चार-सहा राठ केस उगवतात. तेही काळजीचे नाही.

आणि लेकीचे? ‘घराण्यात आहे’ म्हणून अम्मीने जे मिटवायला घेतले होते, ते घराण्यातले पूर्णपणे नव्हतेच. एका घरात तीन हनुवट्या आणि तीन कारणे. वरून तिन्ही सारख्या दिसत होत्या. फरक पाळीने सांगितला.

लेकीला पीसीओएस निघाले. नाव आता बऱ्याच जणींनी ऐकलेले असते. यात बहुतेक वेळा गडबड इन्सुलिनपासून सुरू होते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. हे जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. शिवाय रक्तात एक प्रथिन असते, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे ते प्रथिन कमी बनते. वर्गात मुले जास्त आणि मॉनिटर गैरहजर, अशी स्थिती होते. मोकळे सुटलेले टेस्टोस्टेरॉन चेहऱ्यावर केस आणि मुरूम आणते, आणि अंडाशयातून महिन्याला एक बीज बाहेर पडायचे ते अडकते. म्हणून पाळी लांबते.

हा आजार आजच्या खाण्यापिण्याने काढलेली नवी टूम नाही. केस आणि साखर यांचे नाते पॅरिसमधल्या आशार आणि तिएर या डॉक्टरांनी १९२१ मध्येच लिहून ठेवले होते. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायकांची माहिती एकत्र मांडली आणि आजाराला ओळख मिळाली. आपल्या मुंबईतही परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १५ ते २४ वयाच्या मुली तपासल्या. २०१४ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात एका निकषाने २२.५ टक्के आणि दुसऱ्या, जास्त कडक निकषाने १०.७ टक्के मुलींना पीसीओएस आढळले. चाळीस मुलींच्या वर्गात हा हिशेब चार ते नऊ मुलींचा होतो. त्या दिवसापासून वर्गात हजेरी घेताना आमची नजर बदलली आहे.

आजार फक्त जाड मुलींना होतो हाही गैरसमज. सडपातळ मुलींनाही होतो. आणि लेकीच्या वयात तो ठरवायला सोनोग्राफी लागत नाही. तरुण मुलींची अंडाशये तशीही पुष्कळ बीजकोशांनी भरलेली दिसतात, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे उलटेपर्यंत त्या चित्रावरून निदान करू नये, असे आता ठरले आहे. पाळीचा हिशेब आणि वाढलेले अँड्रोजन या दोन गोष्टी पाहतात.

पण पीसीओएस म्हणण्याआधी डॉक्टरांनी इतर कारणे बाजूला काढली, आणि त्यात आमचे चार दिवस फार कठीण गेले. मधलीचा निकाह आतेभावाशी झालेला. डॉक्टर म्हणाल्या, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष असतो. तिथे एक एन्झाइम कमी पडते आणि कच्चा माल अँड्रोजनकडे वळतो. त्याचा सौम्य प्रकार वयात आल्यावर केस आणि अनियमित पाळी अशाच रूपात दिसतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून दोषाची प्रत आली तरच तो होतो. नात्यातल्या लग्नात एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. सकाळी लवकर रक्त द्यायचे असते. तपासणीचे नाव सतरा-हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉन.

अहवाल यायच्या आधीच्या रात्री लेकीचे वडील म्हणाले, ‘आपल्या दोघांमुळे झाले असेल तर?’ आम्ही काही बोललो नाही. नात्यातला निकाह शरीअतने हलाल ठेवला आहे, त्याला कुणी गुन्हा म्हणू नये. पण हलाल आहे म्हणून ती जोखीम नाहीशी होत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत लग्ने होत असतील तर डॉक्टरांना ते न लाजता सांगावे, हे आम्ही त्या रात्री शिकलो. अहवाल चांगला आला, अलहमदुलिल्लाह. ज्यांचा तसा येत नाही त्यांच्यासाठीही औषध आहे, आणि त्या मुलींचेही संसार होतात.

आणखी काही कारणे आहेत. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घेतात, कारण त्यांच्या गडबडीनेही पाळी चुकते. फिटची, डोक्यावरचे केस वाढवण्याची किंवा ताकदीसाठी घेतलेली काही औषधे केस वाढवतात. कॉर्टिसॉल फार वाढले तर चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात. आणि क्वचित अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ असते. तिची खूण म्हणजे वेग. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढणे, आवाज घोगरा होणे, टाळू विरळ होणे. कुठल्याही वयात, पाळी गेलेल्या आजीलाही, असे झाले तर पार्लर नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

शेजारणींच्या सल्ल्यांचाही निकाल लागला. रेझरने केस दाट होत नाहीत. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने हे मोजून पाहिले होते. कापलेले टोक बोथट असते म्हणून हाताला राठ लागते, इतकेच. पीठ चोळून केसांची मुळे मरत नाहीत. ब्रॉयलर लवकर वाढते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. आणि निकाहाने काहीही जात नाही. उलट पाळी महिनोन्‌महिने येत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर साचत राहते. वर्षानुवर्षे तसेच राहिले तर पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, साखरेचा आजार लवकर लागतो. केस ही बाहेर चिकटवलेली नोटीस आहे. आम्ही तिघी दर पंधरवड्याला नोटीस फाडत होतो, वाचत नव्हतो.

मग उपचार सुरू झाले. रोज पाऊण तास चालणे, मैदा आणि गोड सरबते कमी, जेवणात डाळ, अंडी, भाजी जास्त. आणि गोळ्या. इथे आमची खरी परीक्षा झाली. पाळी नीट करायला आणि टेस्टोस्टेरॉन खाली आणायला डॉक्टरांनी ज्या गोळ्या लिहिल्या, त्या गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जातात. रक्तदाब पाहिला, अर्धशिशी आहे का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत का हे विचारले आणि चिठ्ठी दिली. कामाची पद्धतही सांगितली. या गोळ्या अंडाशयाचे टेस्टोस्टेरॉन कमी करतात आणि ते धरून ठेवणारे प्रथिन वाढवतात. नाव काहीही असो, इथे त्या आजारावरचे औषध आहेत.

कळत होते सगळे. तरी मिरा रोडला पावलापावलावर मेडिकल असताना आम्ही चिठ्ठी घेऊन लोकलने एक स्टेशन पुढे, भाईंदरला गेलो. तिथे कुणी ओळखीचे नव्हते. पाकीट घरी आणून मसूर डाळीच्या डब्यात ठेवले. कुँवारी मुलगी, दोन वर्षांनी रिश्ते येणार, कुणी पाहिले तर काय म्हणेल?

तिसऱ्या दिवशी अम्मीने डाळ काढायला डबा उघडला. पाकीट हातात घेऊन ती बाहेर आली. आम्ही घाबरून सगळे समजावून सांगायला लागलो. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘तुझ्या अब्बांच्या साखरेच्या गोळ्या आपण टीव्हीवर ठेवायचो. कोण येई-जाई ते बघायचे. ही का लपवलीस? त्याची बीमारी आणि हिचा गुन्हा, असे आहे का?’ मग आत गेली, सुरम्याच्या डबीशेजारचा चिमटा घेऊन आली आणि पाकिटाशेजारी ठेवला. ‘चाळीस वर्षे शहाणी झाले मी. वीस वर्षे हा लपवतेय.’ तिघी हसलो, आणि मग थोडे रडलो.

पाकीट आता टीव्हीशेजारी असते.

एक प्रश्न उरला होता, तो लेकीने विचारला. चेहऱ्यावरचे केस काढणे दीनमध्ये चालते का? भुवया कोरण्याबद्दलची हदीस तिने मदरशात ऐकली होती आणि प्रत्येक वेळी रेझर हातात घेताना तिला गुन्हा केल्यासारखे वाटायचे. आमच्या ओळखीच्या एका आलिमा बाजींना विचारले. आम्ही कोकणी, शाफई. बाजी स्वतः हनफी. त्यांनी दोन्हीकडचे सांगितले. शाफई मजहबचे इमाम नववी यांनी लिहिले आहे की बाईला दाढी किंवा मिशी उगवली तर ती काढणे हराम नाही, मुस्तहब आहे. हनफींचे इब्न आबिदीन शामी यांनीही तेच म्हटले आहे. काही जुन्या विद्वानांचे मत वेगळे होते, पण ही दोन्ही मते आपल्या घरांना पुरेशी आहेत. आणि पैगंबर (स.) यांनी आजारावर उपचार घ्यायला स्वतः सांगितले आहे. लेक ऐकत होती. दोन वर्षे ती एक ओझे घेऊन नमाजला उभी राहत होती, हेही आम्हाला माहीत नव्हते.

केस काढायला आता ती साबण लावून, ओल्या कातडीवर, केसांच्या दिशेने रेझर फिरवते. फोड येत नाहीत. लेझरबद्दल डॉक्टर म्हणाल्या, आधी संप्रेरके ताब्यात येऊ दे, नाहीतर जुने केस जातील आणि नवे येत राहतील. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या चेहऱ्यावर चुकीच्या हाती लेझर गेला तर भाजल्याचे डाग राहतात, कधी आजूबाजूची लवच राठ होते. म्हणून जाहिरात पाहून नाही, त्वचेच्या डॉक्टरकडेच. गोळ्यांचा केसांवरचा गुण दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण एक केस आपले आयुष्य पुरे केल्याशिवाय जागा सोडत नाही. सब्र लागतो. पण हा सब्र औषध घेऊन करायचा, औषधाऐवजी नाही.

रिश्त्याचेही बोलून ठेवले आहे. कुणी विचारले तर लपवणार नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेक मुलींना मुले होतात, काहींना थोडी औषधाची मदत लागते. ज्या घराला हे ऐकून घ्यायचे नसेल, ते घर आमच्या लेकीचे नाही. हे वाक्य लिहायला सोपे आहे. दोन वर्षांनी समोर चहाचा ट्रे असताना आम्हाला ते बोलता यावे, म्हणून आजच छापून ठेवतो.

शाळेत आता आठवीपासूनच्या मुलींना वर्षातून एकदा वेगळे बसवून आम्ही हे सांगतो. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. सुरू होऊन तीन वर्षे झाली आणि वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येते, किंवा तीन महिने आलीच नाही, तर आईला सांगा. आई ऐकत नसेल तर आम्हाला सांगा. गेल्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. नकाब काढला आणि काही न बोलता हनुवटी वर केली. आम्ही तिच्या अम्मीला बोलावून घेतले.

आमची लेक घराबाहेर जाताना हिजाब बांधते. नकाब कधी घालते, कधी नाही. ते ती आणि तिचा रब यांच्यातले आहे.

यंदाच्या रमजानमध्ये तिचे सहा रोजे सुटले. सातव्या दिवशी इफ्तारला तिने अब्बांसमोर सहज सांगितले, ‘माझे सहा कजा आहेत, ईदनंतर धरीन.’ ते म्हणाले, ‘अल्लाह कबूल करो,’ आणि खजूर पुढे केला. शव्वालमध्ये तिने एकेक करून ते पुरे केले. त्या सहाही पहाटे घरात दुसऱ्या कुणाचा रोजा नव्हता. तरी अम्मी उठून तिच्यासाठी चहा ठेवायची, आणि मग आम्ही तिघी ओट्यापाशी उभ्या राहून अजान होईपर्यंत बोलत असायचो.